फौजेतून पेन्शनवर आल्यानंतर रिझ्युमे आणि कव्हर लेटर कसे लिहावे?

मलप्रभाकाठ

सर्व सभासदांना नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. मराठा लाइट इन्फन्ट्रीमध्ये २४ वर्षांची सेवा पूर्ण करून चार महिन्यांपूर्वी हवालदार या पदावरून पेन्शनवर घरी आलो. वय ४३, शिक्षण पीयूसी (बारावी), थोरली मुलगी यंदा कॉलेजात आणि घरची भातशेती दीड एकर. तेव्हा दुसरी नोकरी कशासाठी हवी, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

शेवटची पाच वर्षे मी कंपनी क्वार्टर मास्तर हवालदार (सीक्यूएमएच) होतो. बेळगावच्या कॅम्पातल्या एका दुकानात रिझ्युमे टाइप करून घेतला आणि आतापर्यंत सात ठिकाणी दिला. पाच ठिकाणांहून काहीच उत्तर आले नाही. सहाव्या ठिकाणी स्टोअरच्या जागेसाठी अर्ज केला असताना त्यांनी गेटवर बारा तासांची सिक्युरिटीची ड्यूटी देऊ केली. सातव्या ठिकाणी मुलाखतीला बोलावले, पण तिथल्या साहेबांनी कागद उलटसुलट करून विचारले, "हे सीक्यूएमएच म्हणजे नेमके काय?" मी उभ्याउभ्या सगळे सांगितले, मात्र मी जे सांगितले आणि त्यांना जे कळले, त्यांत बरेच अंतर राहिले असावे, कारण नंतर फोन आला नाही.

रिझ्युमेत सध्या एवढेच आहे: नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, उंची, छाती, त्याखाली "बी कंपनीत सीक्यूएमएच म्हणून सेवा", केलेल्या कोर्सांची आद्याक्षरे, "चालचलन एक्झेम्प्लरी" आणि शेवटी "कोणतेही काम प्रामाणिकपणे करण्यास तयार". यात काय चुकते आहे? आणि कव्हर लेटर नावाचा जो कागद मागतात, त्यात रिझ्युमेपेक्षा वेगळे असे काय लिहायचे असते?

उद्यमबाग_एचआर

नमस्कार दादा. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत अकरा वर्षे भरतीचे काम पाहते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगते. एका जागेसाठी माझ्याकडे साठ-सत्तर कागद येतात आणि पहिल्या चाळणीत एका कागदाला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ मिळत नाही. त्या अर्ध्या मिनिटात मला "सीक्यूएमएच" उलगडत बसता येत नाही. तुमची छाती किती इंच फुगते, हे कळून स्टोअरमधल्या बेअरिंगांचा हिशेब लागत नाही.

पण तुमच्या कागदावरची सर्वांत नुकसानकारक ओळ शेवटची आहे. "कोणतेही काम करण्यास तयार" असे तुम्ही नम्रतेने लिहिता आणि वाचणारा त्याचा अर्थ "याला कोणतेच ठरावीक काम येत नाही" असा घेतो. मग माजी सैनिक म्हटल्यावर त्याच्या डोळ्यासमोर जे पहिले चित्र येते, ते गेटचे असते. हा आम्हा भरती करणाऱ्यांचाही दोष आहे, हे मी मान्य करते. परंतु आमची नजर सुधारेपर्यंत थांबणे तुम्हाला परवडणार नाही.

तेव्हा रिझ्युमे बाजूला ठेवा आणि आधी इथे साध्या मराठीत सांगा: तुमच्याकडे माणसे किती होती, वस्तू किती प्रकारच्या होत्या, माल कुठून येत होता, कोणाला देत होता, नोंद कशात करत होता आणि ती नोंद तपासायला कोण येत होते?

सांबरा_वॉरंट

मॅडमचे बाकी सर्व पटले, पण पदाबद्दल सावध राहावे, अशी माझी सूचना आहे. मी विमानदलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. हे पद काही वाटेत पडलेले सापडले नव्हते. त्यासाठी अर्धे आयुष्य दिले. कंपनीवाल्याला कळत नाही म्हणून आपण आपले पद कागदावरून का पुसावे?

गैरसमज होतात, हे खरे आहे. सार्जंट असताना सोसायटीतले लोक मला पोलीस खात्यातला समजत, आणि वॉरंट ऑफिसर झाल्यावर एका दूरच्या नातेवाइकाने अत्यंत गंभीरपणे विचारले होते की, वॉरंट आधी घरी येते की थेट उचलून नेतात.

खडा_सवाल

या सगळ्या कागदांचा काही उपयोग नसतो. आपल्याकडे ओळख लागते. मालक ओळखीचा असेल तर नोकरी मिळते, नसेल तर रिझ्युमेत वडे गुंडाळतात.

चंदगडी_सुभेदार

खडा सवाल, ओळखीने कागद टेबलापर्यंत जातो, हे मान्य. पण टेबलावर पोहोचल्यावर तो कागदच बोलतो. माझ्या ओळखीच्या गृहस्थांनी माझा रिझ्युमे त्यांच्या मालकाकडे नेला, आणि मालकांनी "यांना कुठे बसवू ते तरी सांगा" असे म्हणून तो परत पाठवला. ओळख वाया गेली ती कागदामुळे.

पदाच्या वादात माझे मत असे की, पद एकदाच, नावाच्या खाली पहिल्या ओळीत लिहावे: "माजी हवालदार, भारतीय सैन्य, २४ वर्षे सेवा". त्यानंतर संपूर्ण कागदावर पद नको, काम हवे. सांबऱ्याच्या साहेबांचा मान पहिल्या ओळीत राहतो आणि मॅडमचा अर्धा मिनिट वाचतो.

सांबरा_वॉरंट

ही तडजोड मान्य.

मलप्रभाकाठ

मॅडम, आपण विचारलेत म्हणून लिहितो. कंपनीत साधारण १२० जवान. त्यांचा शिधा, कपडे, बूट, बिस्तर, तंबू, स्वयंपाकाची भांडी, जनरेटरचे डिझेल असे सर्व मिळून साडेतीनशेच्या आसपास प्रकारच्या वस्तू माझ्या ताब्यात असत. माल पलटणीच्या क्वार्टर मास्तरांकडून व्हाउचरवर घ्यायचा, लेजरला चढवायचा, जवानांना सहीवर द्यायचा. जुना झालेला माल कंडेमनेशन बोर्डापुढे ठेवून रद्द करून घ्यायचा. वर्षातून एकदा अधिकाऱ्यांचे बोर्ड बसते आणि लेजरमधली शिल्लक प्रत्यक्ष मालाशी एकेक नग मोजून जुळवते. एका ठिकाणी हिवाळ्यात रस्ता बंद होत असल्यामुळे त्याआधी सहा महिन्यांचा शिधा आणि रॉकेल भरून ठेवावे लागे. तिथे अंदाज चुकला तर दुकानातून आणू म्हणण्याची सोय नव्हती.

यात विशेष असे काही नाही. प्रत्येक कंपनीत एक सीक्यूएमएच असतो आणि तो हेच करतो.

उद्यमबाग_एचआर

"यात विशेष असे काही नाही" हे वाक्य तुम्ही पुन्हा कधीही, कोणापुढेही उच्चारू नका.

आमच्या भाषेत मांडते. व्हाउचरवर माल घेणे म्हणजे आमच्याकडची आवक नोंद, जिला आम्ही जीआरएन म्हणतो. लेजर म्हणजे स्टॉक रजिस्टर. सहीवर देणे म्हणजे इश्यू स्लिप. बोर्ड म्हणजे वार्षिक स्टॉक तपासणी. कंडेमनेशन म्हणजे स्क्रॅपची विल्हेवाट, आणि त्या एका विषयावर आमच्याकडे दरवर्षी भांडणे होतात. सहा महिन्यांचा साठा आधी ठरवून भरणे हे तर खरेदी विभागातल्या माणसालाही सहज जमत नाही. तुम्ही पाच वर्षे स्टोअर सुपरवायझरच होता. फक्त कागदावर तसे लिहिलेले नाही.

एकच उणीव दिसते. आता सर्व नोंदी संगणकावर असतात. एक्सेल येते का?

मलप्रभाकाठ

क्लार्कने भरलेला तक्ता वाचता येतो आणि दुरुस्त करता येतो. कोरा तक्ता समोर ठेवला तर घाम फुटतो.

उद्यमबाग_एचआर

मग तेवढेच लिहा आणि मुलीकडून महिनाभर शिका. "संगणकात प्रवीण" असे लिहून आलेल्या एका उमेदवाराला मी दोन रकान्यांची बेरीज करायला सांगितली, तेव्हा त्याने खिशातून मोबाइल काढून कॅल्क्युलेटर उघडला होता.

कॅम्पातला_डीटीपी

हा धागा दोन दिवस वाचतो आहे आणि मनातून हलकासा घाबरलो आहे, कारण दादांनी सांगितलेला कागद बहुधा माझ्याच दुकानातला आहे.

खरे सांगतो. माझ्या संगणकात रिझ्युमेचा एक साचा आहे, तो काही वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या एका मुलाने करून घेतला होता. त्यानंतर जो येईल त्याचे नाव, पत्ता आणि शिक्षण बदलायचे आणि प्रिंट मारायची. गेल्या वर्षी एका माजी नायकांच्या रिझ्युमेत त्या मुलाचा "शेवटच्या वर्षाचा प्रकल्प" तसाच राहून गेला. मुलाखतीत त्यांना त्या प्रकल्पाविषयी विचारले. ते परत येऊन दुकानासमोर उभे राहिले आणि एक अक्षर बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. फौजी माणसाचे नुसते बघणेही पुरेसे असते.

दादा, तुमच्या कागदावर छंद या सदरात "गाणी ऐकणे, क्रिकेट खेळणे" असे आहे का?

मलप्रभाकाठ

आहे. मला वाटले, ते सर्वांना लिहावेच लागते.

माहेर_निपाणी

मी जवानाची पत्नी आहे आणि आमच्या घरचा रिझ्युमे मी लिहिला, म्हणून माझा अनुभव सविस्तर सांगते.

आमचे हे फौजेच्या एमटीमध्ये, म्हणजे वाहन विभागात, ड्रायव्हर होते, १७ वर्षे सेवा. पेन्शनवर आल्यावर त्यांनी रिझ्युमेत एकच शब्द लिहिला: ड्रायव्हर. त्यावरून एका शाळेची व्हॅन चालवण्याचे काम चालून आले. काम वाईट नव्हते, पण पगार ऐकून ते रात्री जेवले नाहीत. मग मी एक वही घेतली आणि आठ दिवस रोज संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांना एकच प्रश्न विचारला: सकाळी उठल्यापासून तुम्ही काय करत होता ते सांगा. पहिल्या दिवशी म्हणाले, "गाडी चालवत होतो." तिसऱ्या दिवशी फर्स्ट परेड निघाली, म्हणजे गाडी सुरू करण्याआधी तेल, पाणी, टायरची हवा, ब्रेक, दिवे, पट्टे एकेक तपासून सही करायची. चौथ्या दिवशी कार डायरी निघाली: किती किलोमीटर, किती लिटर, कोणाच्या हुकमाने. सहाव्या दिवशी सहज बोलता बोलता म्हणाले की, बर्फात स्टॅलियन ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधून ताफ्यात शेवटची गाडी यांचीच असायची, कारण मागे राहिलेल्या गाडीचा बिघाड काढून तिला तळावर आणायची जबाबदारी यांच्यावर होती. संसाराला चौदा वर्षे झाली, मला हे ठाऊक नव्हते.

मी सर्व आधी मराठीत लिहिले आणि मग भावाकडून इंग्रजी करून घेतले. थेट इंग्रजीत लिहायला बसलो असतो, तर जेवढे इंग्रजी येते तेवढेच काम कागदावर उतरले असते. शेवटी रिझ्युमेत तीन गोष्टी राहिल्या: १७ वर्षांत एकही अपघात नाही, अवजड वाहनांची रोजची तपासणी आणि नोंद, आणि नव्या ड्रायव्हरांना दिलेले प्रशिक्षण. आज ते एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अठ्ठावीस ट्रकांची देखभाल पाहतात. स्वतः गाडी चालवत नाहीत, याचे त्यांना अधूनमधून वाईट वाटते.

राजहंसगड

वहिनी, फारच उपयुक्त लिहिलेत. मी भाषेविषयी विचारतो. रिझ्युमेत भाषा लिहिताना आपण सीमाभागातले लोक अडखळतो. मला मराठी, हिंदी उत्तम येते, कन्नड बाजारात बोलण्याइतके येते, लिहिता येत नाही. कन्नड लिहावे की वगळावे?

खडा_सवाल

आता हा धागा कुठे जाणार, ते दिसायला लागले.

चंदगडी_सुभेदार

कुठेही जाणार नाही. सीमाप्रश्नाला दुसरे धागे आहेत. इथे नोकरीपुरते बोलू.

उद्यमबाग_एचआर

लिहावे, आणि जेवढे येते तेवढेच लिहावे: बोलता येते, वाचता येते, लिहिता येते असे तीन रकाने करून. आमच्या शॉप फ्लोअरवर गोकाक, बैलहोंगल भागातले कामगार कन्नड बोलतात, साचेकाम करणारे बरेचसे हिंदी आणि बाकीचे मराठी. तिन्ही भाषांत काम सांगता येणारा सुपरवायझर आम्हाला शोधून सापडत नाही. तुम्हाला पंजाबी किंवा डोगरी येत असेल तर तेही लिहा. ट्रकवाले पंजाबी निघाले तर तुम्हालाच पुढे करू.

चंदगडी_सुभेदार

भाषेपेक्षा आपल्याकडे नावाचा घोळ मोठा असतो, आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डवर एक स्पेलिंग, डिस्चार्ज बुकात दुसरे, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत गेलेले तिसरे. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचे नाव गायब. जिल्ह्याचे नाव २०१४ च्या नोव्हेंबरपासून बेळगावी झाले, त्यामुळे आधी भरती झालेल्यांच्या कागदांवर गावाचे नाव जुने. कंपनीने पडताळणीसाठी कागद बाहेरच्या एजन्सीकडे पाठवले की, तिथे बसलेल्या माणसाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. रिझ्युमेवर नाव डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) यांप्रमाणे लिहावे, पत्ता आधारप्रमाणे लिहावा आणि स्पेलिंगमधला फरक मुलाखतीतच स्वतः होऊन सांगून टाकावा. लपवले असे वाटण्यापेक्षा ते बरे.

दुसरे, रिझ्युमे आणि सरकारी अर्ज यांची गल्लत करू नका. केंद्राच्या गट क मधील थेट भरतीत माजी सैनिकांना १० टक्के आणि गट ड मध्ये २० टक्के आरक्षण आहे. सरकारी बँकांत लिपिक वर्गात १४.५ आणि शिपाई वर्गात २४.५ टक्के, त्यात ४.५ टक्के अपंग माजी सैनिक आणि कामी आलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी. गट क साठी वयातून सेवेची वर्षे वजा करून वर ३ वर्षांची सवलत मिळते. तिथे तुमचा सुंदर रिझ्युमे कोणी पाहत नाही. तिथे फॉर्ममधला रकाना, प्रमाणपत्र आणि परीक्षा. माजी सैनिकाचे ओळखपत्र घराच्या पत्त्याप्रमाणे मिळते, म्हणजे चंदगडवाल्याने कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचे आणि खानापूरवाल्याने बेळगावच्या. माझा एक साडू हद्दीपलीकडच्या कार्यालयात रांगेत उभा राहून दुपारी परत आला होता.

राजहंसगड

मॅट्रिक आणि १५ वर्षांची सेवा असेल तर आपण पदवीधर धरले जातो, असे ऐकले. मग रिझ्युमेत "पदवीधर" लिहू का?

चंदगडी_सुभेदार

नाही. ती सवलत केंद्र सरकारच्या गट क मधल्या, तांत्रिक पदवी न लागणाऱ्या पदांपुरती आहे. खासगी कंपनीला द्यायच्या कागदावर "पदवीधर" लिहिले आणि त्यांनी विद्यापीठाचे नाव विचारले, तर काय सांगणार? शिक्षण आहे तसे लिहावे.

सिग्नलवाला

सर्वांना एक विनंती. काम मोठे दाखवण्याच्या उत्साहात तैनातीची ठिकाणे, तळाची नावे, शस्त्रांची आणि उपकरणांची माहिती, मोहिमांचे तपशील लिहू नयेत. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा आहे आणि तो वर्दी उतरवल्यावरही लागू असतो. "उत्तरेकडील अतिउंच प्रदेशात" एवढे पुरेसे आहे. मी स्वतः "दूरसंचार यंत्रणेची चोवीस तास देखभाल" एवढेच लिहिले होते. मुलाखतीत एका साहेबांनी कोणती यंत्रणा म्हणून खोदून विचारले, तेव्हा "ते सांगता येणार नाही" म्हटले. नंतर कळले, मला घेण्याचे तेही एक कारण होते.

डिस्चार्ज बुकाचे फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या नोकरीच्या ग्रुपवर टाकू नयेत. त्यात तुमचे सर्व काही असते. आणि रिझ्युमेवर वर्दीतला फोटोही नको.

कंग्राळीकर

मी अग्निवीर आहे. जून २०२२ ला चार वर्षांच्या सेवेची अग्निपथ योजना जाहीर झाली, आमच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत मुले कायम होतात. मी त्यात नसेन, तर तेविसाव्या वर्षी चार वर्षांच्या सेवेवर रिझ्युमेत काय लिहायचे? या धाग्यावर सगळे १७ आणि २४ वर्षांविषयी बोलत आहेत.

उद्यमबाग_एचआर

तेविसाव्या वर्षी चार वर्षांचा अनुभव असलेली मुले माझ्याकडे फारशी येत नाहीत, त्यामुळे तुम्ही स्वतःला कमी लेखू नका. मात्र वही आजपासून लिहायला लागा. निपाणीच्या ताईंच्या घरी १७ वर्षांचे काम आठवायला आठ दिवस लागले. तुम्ही दर महिन्याला चार ओळी लिहिल्या, तर बाहेर पडताना रिझ्युमे तयार असेल. प्रत्येक कोर्सचे प्रमाणपत्र तारखेसह जपा.

सांबरा_वॉरंट

आणि बाळा, पदाची चिंता करू नकोस. "अग्निवीर" कोणाला समजावून सांगावे लागत नाही. माझ्या वॉरंटपेक्षा बरे.

मलप्रभाकाठ

सर्वांचा आभारी आहे. रिझ्युमे पुन्हा लिहितो आहे. पण कव्हर लेटरचा प्रश्न राहिलाच. मी सातव्या ठिकाणी दिलेले पत्र असे होते, इंग्रजीतून मराठी करून देतो:

"१. कृपया आपल्या दिनांक अमुकच्या जाहिरातीचा संदर्भ घ्यावा. २. अर्जदाराने २४ वर्षे सेवा केलेली आहे. ३. अर्जदार सदर पदास इच्छुक आहे. ४. अर्जदाराचा रिझ्युमे सोबत जोडला आहे. ५. आपल्या माहितीसाठी आणि पुढील आवश्यक कार्यवाहीसाठी सविनय सादर."

सिग्नलवाला

सहावा परिच्छेद राहिला: "पोच द्यावी."

कॅम्पातला_डीटीपी

मी टाइप करताना विचारले होते की, अर्जदार म्हणजे कोण? दादा म्हणाले, "मीच."

उद्यमबाग_एचआर

हसू आवरून लिहिते. हे पत्र नाही, जावक रजिस्टरमधली नोंद आहे. रिझ्युमे सांगतो की तुम्ही काय केले. पत्रात एकच गोष्ट सांगायची असते: आमच्या अडचणीत तुम्ही कसे वागाल. त्यासाठी एखादा प्रसंग हवा. पाच वर्षांत कधी हिशेब चुकला होता का?

मलप्रभाकाठ

एकदा चुकला होता. पण ते कसे लिहिणार? फौजेत तूट निघणे ही लाजेची गोष्ट असते.

माहेर_निपाणी

दादा, इथे तर सांगा.

मलप्रभाकाठ

बोर्ड बसणार होते, त्याच्या आदल्या रात्री मोजणीत तीन कंबल कमी भरले. लेजरला २६४ आणि माल २६१. मी आणि माझा स्टोअरमन रात्री दोन वाजेपर्यंत प्रत्येक गठ्ठा सोडून मोजत होतो. तीन कंबल म्हणजे काही खजिना नव्हे. नवे विकत आणून ठेवता आले असते, तसे करणारे असतात. मला ते पटले नाही. मग सहा महिन्यांची व्हाउचरे काढून बसलो. कागदावर काहीच सापडेना. पहाटे स्टोअरमनला आठवले की, थंडीच्या दिवसांत तापाने फणफणलेल्या तीन पोरांना रात्री एमआय रूममध्ये (पलटणीच्या दवाखान्यात) नेताना आपणच कंबल गुंडाळून दिले होते. घाईत व्हाउचर फाडलेच नव्हते. सकाळी एमआय रूममध्ये गेलो, तर तिन्ही कंबल घडी घालून कपाटात ठेवलेले, वर आमच्या कंपनीचा शिक्का. बोर्डापुढे मी आधीच सांगून टाकले की, काल रात्रीपर्यंत तीन कमी होते आणि ते असे सापडले. अधिकारी काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून स्टोअरच्या दाराला सुतळीने एक लाल वही बांधली: रात्री-अपरात्री व्हाउचरशिवाय जे जाईल, ते आधी त्या वहीत, सकाळी लेजरला. मी येईपर्यंत ती वही तिथेच होती.

उद्यमबाग_एचआर

दादा, आमच्या स्टोअरमधून रात्रपाळीला माणसे घाईने ड्रिल बिट आणि हातमोजे घेऊन जातात आणि महिनाअखेरीस स्टॉक जुळत नाही. हा प्रश्न उद्यमबागेतल्या कोणत्याही मालकाला विचारा. तुमची लाल वही हेच तुमचे कव्हर लेटर आहे. तूट निघाली, तुम्ही ती झाकली नाही, कारण शोधले, बोर्डाला सांगितले आणि पुन्हा होऊ नये अशी व्यवस्था केली.

खडा_सवाल

मी सुरुवातीला जे लिहिले ते तसे चुकीचे नाही, पण ही लाल वही मालकाला दाखवायला ओळखीचा माणूस लागणार नाही, हे खरे.

मलप्रभाकाठ

रात्री बसून मराठीत लिहिले. मुलगी इंग्रजी करून देणार आहे. पाहून सांगावे:

"मा. व्यवस्थापक यांस, आपल्या कारखान्यातील स्टोअर सुपरवायझर या जागेसाठी मी अर्ज करीत आहे. भारतीय सैन्यातील २४ वर्षांच्या सेवेपैकी शेवटची पाच वर्षे मी १२० जवानांच्या भांडाराचा प्रमुख होतो. सुमारे साडेतीनशे प्रकारच्या वस्तूंची आवक, वाटप, शिल्लक आणि निकामी मालाची विल्हेवाट माझ्याकडे होती आणि दरवर्षी अधिकाऱ्यांच्या मंडळाकडून तिची पूर्ण मोजणी होत असे. एका मोजणीच्या आदल्या रात्री तीन कंबल कमी आढळले. नोंद न करता घाईत दिलेला माल हे त्याचे कारण निघाले. तो माल मी शोधून काढला, मंडळाला घडले ते सांगितले आणि रात्री दिल्या जाणाऱ्या मालासाठी वेगळी वही सुरू केली. त्यानंतर माझ्या काळात तूट निघाली नाही. संगणकावरील नोंदी मला वाचता व दुरुस्त करता येतात आणि एक्सेल सध्या शिकत आहे. मराठी, हिंदी आणि कन्नड बोलतो. आपण बोलावल्यास कोणत्याही दिवशी येऊ शकेन. आपला नम्र आणि आज्ञाधारक."

चंदगडी_सुभेदार

उत्तम. "कंबल" च्या जागी "ब्लँकेट" करा. आणि "आज्ञाधारक" काढा. आज्ञा अजून कोणी केलेली नाही.

उद्यमबाग_एचआर

एवढे बदल करा आणि सातव्या ठिकाणी पुन्हा पाठवा. जागा अजून भरली नसेल, तर एकदा फोन करून विचारायलाही हरकत नाही. फोनवर "अर्जदार बोलतोय" असे मात्र म्हणू नका.

मलप्रभाकाठ

उद्या सकाळच्या खानापूर गाडीने बेळगावला येतो. डीटीपीवाले, दुकान किती वाजता उघडते?

कॅम्पातला_डीटीपी

साडेनवाला. तुमचे पैसे घेणार नाही. जुना साचा काल रात्री पुसून टाकला. येताना तेवढे डिस्चार्ज बुक आणा, नावाचे स्पेलिंग समोर ठेवून टाइप करू. आणि छंदाच्या सदरात खरोखर काय लिहायचे ते मुलीला विचारून या.

मलप्रभाकाठ

विचारले. ती म्हणते, "बाबा, घरातले डबे रोज मोजता, तेच लिहा."